जुन्या अमेरिकी कॉलिंग कार्डावरचं (भेटीला गेल्यावर द्यायच्या स्वतःच्या नावाच्या कार्डावरचं) नक्षीदार नाव हाताने लिहिलेलं की छापील, हे कसं ओळखायचं?

१० पट भिंगाखाली जाड फटकारे बघा. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेन्सेरियन वळणाची (तेव्हाच्या तिरप्या, लपेटदार अमेरिकी हस्ताक्षरशैलीतली) ही नावं टोकदार, लवचिक निबने लिहीत. दाब दिला की निबची दोन टोकं फाकतात आणि रेघ रुंदावते. शाई अपुरी पडली तर मधे कोरी फट राहून कडांना दोन बारीक रेघा उरतात. हातलेखनाची ही फार बोलकी खूण. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेलं अक्षर मात्र बोटाला किंचित उठावदार लागतं. फसायला होतं ते इथे: पक्षी, वेलबुट्टी छापील आणि फक्त नाव हाताचं, अशी कार्डंही होती. म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासा. ओल्या बोळ्याने कार्ड अजिबात पुसू नका, शाई पसरू शकते.