पाणी सुटलं म्हणून घाबरू नका!

मागच्या अंकात ‘उन्हाळ्यातल्या कोशिंबिरींबद्दल विचारा’ असं लिहिलं होतं. काकडी, कैरी, कलिंगड असं काय काय येईल म्हणून मी तयारीत बसले, तर पत्रं बहुतेक सगळी टोमॅटोची! त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने ऑलिव्ह ऑइल, लसूण आणि व्हिनेगर घालून टोमॅटोचं मुरवलेलं सॅलड केलं होतं. घरात सगळ्यांना फार आवडलं. तो गेल्यावर मी करायला गेले, तर तासाभरात वाडग्यात नुसतं पाणी, फोडी लिबलिबीत आणि वर तेलाचा तवंग. हे म्हणाले, “आज सार केलंयस का?” पाणी सुटू नये म्हणून काय करावं? आणि आपल्या कोशिंबिरीत नि यात फरक तो काय?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, पाणी सुटायलाच हवं. फरक विचारलात, तर तो इथेच आहे. आपल्या कोशिंबिरीत पानं घेण्याच्या वेळी मीठ घालायचं, दाण्याचं कूट घालायचं ते त्यातलं पाणी शोषून घ्यायला, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. तिला पाणी सुटलं की सासूबाईंची भुवई वर. या सॅलडचं मात्र उलट आहे. टोमॅटोतून निघणारा रस हाच त्याचा मसाला. लोणच्याच्या कैरीला मीठ चोळून ठेवल्यावर जो खार सुटतो, तो कुणी मोरीत ओतत नाही ना? टोमॅटोच्या १०० ग्रॅममध्ये ९४-९५ ग्रॅम पाणीच असतं. मीठ लागलं की त्यातलं काही बाहेर येणारच. आपण फक्त ते कधी येऊ द्यायचं आणि आल्यावर त्याचं काय करायचं, ते ठरवायचं.

वर तेल तरंगत होतं असं लिहिलंत, त्यावरून वाटतं की तुम्ही सगळं एकदमच घातलंत. तेल आधी किंवा मिठाबरोबर पडलं की फोडींवर त्याचा थर बसतो. मीठ नीट विरघळत नाही, रस हळूहळू, उशिरापर्यंत सुटत राहतो आणि तेलाशी त्याचं काही जमत नाही. म्हणून क्रम धरा : आधी मीठ, मग वाट बघायची, तेल शेवटी.

अर्धा किलो टोमॅटो घ्या. विळी असेल तर विळीवरच चिरा. टोमॅटोच्या सालीला धारदार पातं लागतं. बोथट सुरीने दाबत बसलं तर चिरण्याआधीच निम्मा चेंदामेंदा होतो. फोडी मोठ्या ठेवा. मध्यम टोमॅटोच्या सहा किंवा आठ, कोशिंबिरीसारख्या बारीक अजिबात नकोत. तुमच्या फोडी लिबलिबीत झाल्या त्याला बारीक चिरणं हेही कारण असणार. आणि बिया काढू नका, हात जोडून सांगते. बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर असतो ना, त्यात टोमॅटोच्या बाहेरच्या गरापेक्षा ग्लुटामेट जास्त असतं, म्हणजे ज्याने तोंडाला चव येते ती वस्तू. हॉटेलात बिया काढतात ते प्लेट स्वच्छ दिसावी म्हणून. आपल्याला जेवायचं आहे.

फोडी काचेच्या, चिनीमातीच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात घ्या. कल्हई नसलेलं पितळ आणि ॲल्युमिनियम या आंबट कामाला नको. पाऊण चमचा मीठ (चहाचा चमचा, सपाट) आणि चिमूटभर साखर भुरभुरवा, हलक्या हाताने एकदा वरखाली करा आणि पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघूही नका. तेवढ्यात अर्धा कांदा पातळ उभा चिरून गार पाण्यात टाका, त्याचा उग्रपणा जातो. पंधरा मिनिटांनी भांडं तिरकं केलंत की तळाशी गुलाबीसर रस दिसेल. तो एका वाटीत ओतून घ्या. त्यात लसणाची एकच पाकळी ठेचून घाला. आपल्याकडे मंदसौर-रतलामकडचा लसूण येतो, तो चांगला झणझणीत असतो. दोन पाकळ्या घातल्यात तर टोमॅटो कुठे गेला ते शोधत बसाल. चमचाभर व्हिनेगर, ताजी मिरपूड, आणि मग दोन मोठे चमचे तेल बारीक धारेने, काट्याने फेटत फेटत. दोन मिनिटांत रस दाटसर, दुधाळ दिसायला लागतो. आता तो फोडींवर परत ओता, कांदा निथळून घाला आणि अर्धा तास मुरू द्या. फेटलेलं मिश्रण पुढे थोडं सुटं झालं तरी चालतं, वाढताना एकदा ढवळायचं.

तेलाबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय. ऑलिव्ह ऑइल घ्यायचंच तर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेली लहान बाटली घ्या. ‘पोमेस’ लिहिलेलं स्वस्त मिळतं, पण ते चोथ्यातून काढून रिफाइन केलेलं असतं. तळणाला ठीक, इथे त्याचा उपयोग नाही. इंदूर म्हणजे सोयाबीनचं गाव, घराघरांत त्याचंच रिफाइंड तेल. भाजीला मीही तेच वापरते. पण कच्चं खायच्या पदार्थात ज्या तेलाला वास ना चव, ते घालून नुसता तेलकटपणा येतो. ऑलिव्ह नसेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल घाला. चव इटलीची येणार नाही, आपली येईल, आणि मला तर तीच जास्त आवडते.

व्हिनेगर पांढरं, सिंथेटिक असेल तर नको. नाकात जातं. सफरचंदाचं घ्या, उसाचा सिरका घ्या, नाहीतर अर्ध्या लिंबाचा रस. टोमॅटो गावठी असेल तर तोही निम्माच.

बेझिल मिळत नाही म्हणून काही जणी अंगणातली तुळस घालतात. तुळशीला लवंगेच्या अंगाचा वास असतो, त्यामुळे सॅलडला काढ्याची आठवण येते. त्यापेक्षा फालुद्यात घालतो तो सब्जा कुंडीत पेरा. बेझिल म्हणतात ती हीच वनस्पती. पानं सुरीने न चिरता हाताने तोडून वाढताना घाला, आधी घातली तर काळी पडतात. तेही नसेल तर कोथिंबीर आणि चार पुदिन्याची पानं. छान लागतं.

आता खरा प्रश्न टोमॅटोचा. मे महिन्यात चोइथराम मंडीतून आलेला टोमॅटो देठाकडे पिवळा राहिलेला असतो आणि आपण म्हणतो कच्चाच तोडला. दर वेळी तसं नसतं. पारा ३० अंशांच्या वर गेला की टोमॅटोत लाल रंग नीट तयार होत नाही, पिवळा मात्र होत राहतो. आपल्याकडे तर दुपारी ४० सहज पार. तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. हातात घेऊन बघा : जड लागला पाहिजे, अंगठ्याने किंचित दबला पाहिजे, देठापाशी नाक नेलं तर पानासारखा हिरवट वास आला पाहिजे. लांबुळका, टणक, जाड सालीचा टोमॅटो प्रवासासाठी असतो. तोच मिळाला तर खालच्या बाजूला फुलीची चीर देऊन अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाका, लगेच गार पाण्यात. साल मोज्यासारखी निघते. गोल, कळ्याकळ्यांचा गावठी दिसला तर गाडीवाला आधीच बजावतो, “मैडम, ये खट्टा है, बाद में मत बोलना!” त्याला म्हणावं, वही दे दो.

आणि टोमॅटो आणल्या आणल्या फ्रिजमध्ये कोंबू नका. १२ अंशांच्या खाली काही दिवस राहिला की त्याचा वास मरतो, पिकणंही थांबतं. टोपलीत, देठाची बाजू खाली करून, एकमेकांवर न रचता ठेवा. पूर्ण पिकल्यावर उन्हाळ्यात दोन दिवससुद्धा बाहेर टिकणार नाही असं वाटलं, तरच आत टाका आणि चिरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.

प्रश्न : मला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. हे सॅलड मिठाशिवाय होईल का? हल्ली बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते वापरू का?
— एक ज्येष्ठ वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : काका, होईल. पण ‘मुरलेलं’ कमी लागेल. फोडींपैकी एखादा टोमॅटो हाताने कुस्करा म्हणजे रस मिठावाचून मिळेल. चिमूटभर साखर थोडं पाणी सोडवते, पण मधुमेह असेल तर तीही नको. लिंबू, मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लसूण सढळ हाताने घाला. आंबट आणि तिखट पुढे आलं की मिठाची उणीव कमी भासते. मात्र वरून जीरावन भुरभुरवू नका. आपल्याला पोह्यांवर त्याची सवय असते, पण त्यात काळं मीठ भरपूर असतं.

कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, माझ्या सांगण्यावरून तर मुळीच नको.

प्रश्न : आमच्या भिशीला २० जणी येणार आहेत, दुपारी बाराला. हे सॅलड रात्रीच करून ठेवलं तर चालेल का? सकाळी घाई होते.
— सौ. ग., राजेंद्रनगर

उत्तर : रात्री पूर्ण करून नका ठेवू. सकाळपर्यंत फोडींचा जीव जातो आणि कच्चा लसूण कडवट उग्र होतो. रात्री कांदा चिरून डबाबंद करा, मिरपूड कुटा, भांडी काढून ठेवा. सकाळी साडेदहाला टोमॅटो चिरून मीठ लावा, अकराला रस फेटून ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा. मघाशी फ्रिजला नाही म्हटलं ते अख्ख्या टोमॅटोसाठी, दिवसच्या दिवस ठेवण्यासाठी. चिरलेला टोमॅटो इंदूरच्या मे महिन्यात तासाभरापेक्षा जास्त ओट्यावर ठेवायचा नाही. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. ऑलिव्ह ऑइल गारठून त्याचे पांढुरके कण दिसतील. ते खराब झालेलं नसतं, पुन्हा पातळ होतं.

पूर्वी माळव्याच्या रात्री इतक्या गार असत की रात्रभर माठाशेजारी ठेवलेलं सकाळी चांगलं राही, असं जुनी माणसं सांगतात. आता सिमेंटच्या घरांत ते विसरा. फ्रिज भरला असेल तर परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात सॅलडचं भांडं ठेवा.

२० जणींना, बाकी पदार्थ असतील तर अडीच किलो टोमॅटो पुरतील. पण मीठ-लसूण पाचपट करू नका. मीठ सुरुवातीला साडेतीन चमचे, मग चव बघून. लसूण तीन पाकळ्या. एकाच पातेल्यात ढीग करू नका, खालच्या फोडी दबतात. दोन-तीन पसरट ट्रे घ्या.

एक सक्त सूचना. लसूण आधी ठेचून तेलात घालून बरणी ओट्यावर ठेवायची युक्ती काही जणी सांगतात. करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि कच्च्या लसणात बोटुलिझमचे जंतू असतील तर तिथे ते विष तयार करू शकतात, वासावरून कळतही नाही. लसूण त्या दिवशीचा त्या दिवशी.

उरलेला रस टाकून देऊ नका. इटलीत टस्कनीकडे शिळा पाव अशाच रसात भिजवून खातात, त्याला पांझानेला म्हणतात. आपल्याकडे दडपे पोहे आहेतच. इंदुरात पोहे म्हटलं की वाफेवरचे, सेव-जीरावनवाले, त्यामुळे दडपे घराघरांतून मागे पडले. पातळ पोह्यांवर हा रस, ओलं खोबरं आणि कांदा घालून झाकण दडपून ठेवा, वर मिरचीची फोडणी. भिशी उठल्यावर घरच्यांचं संध्याकाळचं खाणं झालं.

प्रश्न : मी बुऱ्हाणपूरचा, इथे भंवरकुआंला खोली घेऊन परीक्षेची तयारी करतो. गॅस नाही, फ्रिज नाही. डब्याची भाजी रोज तीच. हे माझ्याच्याने होईल का, मावशी?
— एक विद्यार्थी

उत्तर : अरे, तुझ्यासाठीच तर आहे हे! दोन टोमॅटो, पाव कांदा, झाकणाचा डबा. फोडींना मीठ लावून डबा बंद कर आणि एक धडा वाच. मग चमचाभर तेल आणि अर्धं लिंबू घाल, झाकण लावून जोरात हलव. फेटायला भांडं लागत नाही. डब्यातल्या पोळीबरोबर लगेच खा, रात्रीसाठी ठेवू नकोस. वरून लसणाची सेव टाकायची ती खायच्या क्षणी, नाहीतर तिचा लगदा होतो. लसूण सेवेतच असतो, तेव्हा वेगळा नको. सेव घालणार असशील तर मीठही हात आखडून. आणि डबा स्टीलचा घे. प्लास्टिकला टोमॅटोचा लाल रंग धरतो, तो कितीही घासलास तरी जात नाही.