फंक्शन चालतंय, मग बेरीज का होत नाही?

प्रश्न : मॅडम, मी कोपरखैरणेला राहते, एफवाय सीएसला आहे. पायथनमध्ये रिक्षाभाड्याचं फंक्शन लिहिलंय, नाव भाडे, कंसात किमी आणि पट. पट म्हणजे दिवसा १, रात्री १.२५. आकडा बरोबर छापून येतो पण घर ते स्टेशन आणि ठाण्याला उतरून पुढची रिक्षा अशी दोन भाडी मिळवायला गेले की टाइपएरर, नन-टाइप असं काहीतरी. त्यात मैत्रिणीने हेच फंक्शन वापरलं, रात्रीच्या ५ किमीला तिला १३० आले आणि मला १०७. एरर दोघींनाही नाही. चुकतंय कोण?

उत्तर : नावं मराठीत ठेवलीस हे छान केलंस, पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, लोक उगाच घाबरतात. आता बेरीज. तुझं फंक्शन हिशोब करतं, आकडा स्क्रीनवर छापतं आणि हात हलवत परत येतं. शेवटी रिटर्न (म्हणजे उत्तर बाहेर परत दे असं सांगणारी ओळ) नसेल तर पायथन आपणहून नन, म्हणजे 'काहीच नाही', देतो, मग तू नन अधिक नन करायला सांगतेस आणि तो भडकतो. खात्री करायचीय तर प्रिंटच्या कंसात भाडे(5, 1) टाकून बघ, आधी ८६ येईल आणि खालच्या ओळीला नन. तो ८६ फंक्शनच्या आतल्या प्रिंटचा आहे, तुझ्या हातात आला तो नन. आतलं प्रिंट काढ, तिथे रिटर्न लिही, छापायचं काम बाहेर कर, की बेरीजही होईल, सरासरीही होईल, काय हवं ते.

१३० ची गंमत वेगळी आहे. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किमीला २६ रुपये आणि पुढे किमीला १७.१४, म्हणजे ५ किमीचे २६ अधिक साडेतीन गुणिले १७.१४, झाले ८५.९९ (राउंड करून ८६), आणि मध्यरात्रीनंतर सव्वापट म्हणजे १०७.४९, राउंड करून १०७. तुझं बरोबर आहे. (शेअर रिक्षाला हे काही लागू नाही, तिथे सीटमागे ठरलेलं असतं.) मैत्रिणीने भाडे(1.25, 5) असं उलटं दिलं असणार. आता सव्वा किमी अंतर, दीडच्या आत म्हणून २६, त्याची पाचपट १३०! पायथनला दोन्ही नुसते आकडे, कुठला कशाचा हे तो फक्त जागेवरून ओळखतो, त्यामुळे एरर यायचा प्रश्नच नाही, आणि असली चूक एररपेक्षा वाईट कारण ती आठवडाभर कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून कॉल करताना नावं लिहा, भाडे(किमी=5, पट=1.25), मग क्रम कसाही चालतो. सक्तीच करायची असेल तर डेफच्या ओळीत (जिथे फंक्शन सुरू होतं) किमीनंतर स्वल्पविराम देऊन एक चांदणी (*) टाक, त्यापुढचं सगळं नावानेच द्यावं लागतं, विसरलं तर तिथल्या तिथे टाइपएरर. आणि पट=1 असा डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायचा आकडा) ठेव ना, दिवसा नुसतं भाडे(5) पुरतं.

प्रश्न : मी ठाण्यात क्लासला जातो. बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनला आत दिसतंच, तर कंसात द्यायचा खटाटोप कशाला?

उत्तर : दिसतं, वाचता येतं, खरंय. पण बाहेर एकूण नावाचं व्हेरिएबल ठेव आणि आत एकूण = एकूण + 86 लिहून बघ. त्या नावाला फंक्शनमध्ये कुठेही काही असाइन केलं की पायथन ते पूर्ण फंक्शनपुरतं लोकल, म्हणजे फक्त आतलं, धरतो, मग उजवीकडचं एकूण वाचायला जातो तेव्हा त्यात अजून काहीच नाही, अनबाउंडलोकलएरर. ग्लोबल (म्हणजे बाहेरचंच घे) लिहून गप्प बसवता येतं, परीक्षेत कदाचित चालूनही जाईल, पण मग तेच फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये नेलंस की तिथे एकूण नावाचं काही नसतं आणि ते चालत नाही. कंसातून घे, रिटर्नने दे.