ओफिओलाइटमधला पांढरा खडक ओळखताना

ओमानच्या सेमाइल ओफिओलाइटमध्ये (जमिनीवर आलेला समुद्री कवच आणि त्याखालच्या मँटलचा तुकडा) पांढरट खडक दिसला की हातोडा काढण्याआधी तो कशात घुसलाय ते पाहा. वरचा गॅब्रो (खोलात सावकाश थिजलेला भरड दाण्यांचा काळसर खडक) आणि शीटेड डाइक (फटींत थिजलेल्या शिलारसाच्या एकमेकींना चिकटलेल्या उभ्या भिंती) यांच्या सीमेवर असेल, तर बहुधा प्लॅजिओग्रॅनाइट, म्हणजे समुद्री कवचातला ग्रॅनाइटसारखा खडक. भिंगातून क्वार्ट्झ आणि सोडियमयुक्त प्लॅजिओक्लेज दिसेल. सोबत थोडं हॉर्नब्लेंड (गडद खनिज), तेही बरेचदा क्लोराइट-एपिडोट होऊन हिरवं पडलेलं. पोटॅश फेल्डस्पार जवळजवळ नसतो. विश्लेषणात पोटॅशियम ऑक्साइड साधारण 1 टक्क्याच्या आतच येतं.

सर्पेंटिनाइटच्या (पाण्याने बदललेला मँटलचा हिरवट खडक) कडेचा पांढरा पट्टा मात्र हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने जड लागला आणि क्वार्ट्झ सापडत नसेल, तर तो रोडिंगाइट: कॅल्शियमयुक्त द्रवांनी बदललेला डाइक किंवा गॅब्रो. त्यातलं बारीक, फिकट ग्रॉस्युलर गार्नेट फेल्डस्पारसारखंच भासतं, नवखे इथेच फसतात.

प्लॅजिओग्रॅनाइटच्या उगमाच्या दोन वाटा. बेसाल्टी शिलारस थिजत गेल्यावर उरलेला सिलिकायुक्त अंश, किंवा समुद्राचं पाणी मुरलेले डाइक-गॅब्रो पुन्हा तापून अंशतः वितळणं. दुसऱ्या प्रकारात टायटॅनियम कमी असतं, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. डाइकचे अर्धवट वितळलेले, कडा विरघळलेले तुकडे आधी शोधा. तो पुरावा जास्त बोलका.

मँटलच्या पेरिडोटाइटमध्ये मस्कोव्हाइटवालं (पांढरा अभ्रक असलेलं) ग्रॅनाइट भेटलं, तर त्याची नोंद वेगळी ठेवा. ते खाली सरकलेल्या भूपट्टासोबत गेलेला गाळ वितळून आलेलं असतं.

प्लॅजिओग्रॅनाइटचं वय काढायचं असेल तर न झिजलेला, भरड दाण्यांचा काही किलो नमुना घ्या. इथल्या झिरकॉनचं (ज्यावरून खडकाचं वय मोजतात ते खनिज) वय सुमारे 9.5 कोटी वर्षं येतं.