एमआरआय नॉर्मल आला म्हणून पोरगा नाटक करतोय असं नाही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा २० वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीपासून खोलीच्या खिडक्या बंद करून बसतो, शेजारचे माझ्याबद्दल बोलतात म्हणतो, रात्रभर झोप नाही. डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, तो नॉर्मल आला. आता घरातले म्हणतात मेंदू ठीक आहे मग गोळ्या कशाला, नाटकं करतोय. पुण्याचा भाचा म्हणतो डीटीआय नावाचा भारी स्कॅन असतो त्यात मेंदूच्या वायरी दिसतात, तो करून घ्या म्हणजे खरं काय ते कळेल. त्याचा खर्च झेपणार नाही पण खरंच उपयोग असेल तर दागिने मोडून करू. – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, पहिलं सांगतो, दागिने मोडू नका.

तुमच्या मुलाला जे होतंय, लोक आपल्याबद्दल बोलतायत अशी खात्री वाटणं, झोप उडणं, याला आम्ही सायकोसिस म्हणतो आणि नुकतंच सुरू झालेल्या सायकोसिसमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो स्कॅन आजार शोधायला केलेलाच नसतो, दुसरं काही नाही ना हे बघायला केलेला असतो. गाठ, सूज, इन्फेक्शन. २००७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला काम करणाऱ्या जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या टीमने एक आजार नीट मांडला, त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते आणि तरुण मुलं-मुली अचानक वेड्यासारखी वागायला लागतात, त्यावर उपचार वेगळे आहेत. म्हणून मुलाला ताप, फिट, गोंधळल्यासारखं होणं, अंग ताठून गप्प बसणं असं काही दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, एमआरआय नॉर्मल असला तरी सांगा.

आता भाच्याचा डीटीआय. तो चुकीचं सांगत नाहीये, अर्धं सांगतोय. मेंदूत बाहेरच्या थरात पेशी आणि आत त्यांना जोडणारे धागे, या धाग्यांवर मायलिन नावाच्या चरबीचं आवरण असतं म्हणून तो भाग पांढरा दिसतो, व्हाइट मॅटर. डीटीआय हे धागे थेट बघत नाही, त्यातलं पाणी कुठल्या दिशेने हलतं ते मोजतो. तुम्ही उसाचं रान बघितलं असेल, पाटाचं पाणी सरीतून सरळ धावतं पण वरंबा ओलांडून शेजारच्या सरीत सहज जात नाही. तसंच धाग्याच्या लांबीने पाणी सहज हलतं आणि आडवं कमी. ही किती एका दिशेची हालचाल आहे याला ० ते १ असा आकडा देतात, या स्कॅनमागचं मूळ गणित १९९४ साली पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. धाग्यांची बांधणी सैल झाली किंवा आवरण कमी झालं तर आकडा खाली येतो, पण जिथे दोन धागे एकमेकांना छेदतात तिथे निरोगी माणसातही येतो, आणि स्कॅनमध्ये डोकं हललं तरी आकडा चुकतो. भीतीने अस्वस्थ झालेला पोरगा मशीनमध्ये किती स्थिर पडेल तुम्हीच सांगा.

तरी संशोधनात फरक सापडलाय हे खरं. २०१८ साली एनिग्मा या जगभरच्या गटाने स्किझोफ्रेनियाचे (सायकोसिसचाच लांबत जाणारा एक आजार) १९६३ पेशंट आणि २३५९ निरोगी लोक यांचे स्कॅन एकत्र केले, २५ पैकी २० भागांत पेशंटचा आकडा सरासरीने कमी. पण किती कमी? माझ्या हिशोबाने एक पेशंट आणि एक निरोगी माणूस असे दोघं कसेही उचलले तर १०० पैकी साधारण ६२ वेळाच पेशंटचा आकडा कमी निघेल आणि ३८ वेळा उलटं होईल. हजारो माणसांमधला हा फरक आहे, एका मुलाचा रिपोर्ट हातात घेऊन त्याला आजार आहे की नाही हे त्यावरून सांगता येत नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

मग खरं कशाने कळतं? बोलण्याने. मुलाशी, तुमच्याशी तास-दीड तास बोलून, झोप, अभ्यास, गांजा-दारू, घराण्यात कुणाला होतं का हे सगळं विचारून. आणि हे लवकर व्हायला हवं. नॉर्वेच्या रोगालँड भागात पेपरात, शाळांत जाहिराती करून लोकांना सायकोसिसची लक्षणं ओळखायला शिकवलं, तर आजार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा मधला काळ २६ आठवड्यांवरून ५ आठवड्यांच्या आत आला. १० वर्षांनी बघितलं तर लवकर उपचार मिळालेल्या भागात पूर्ण सावरलेले ३१ टक्के आणि तुलनेच्या भागात १५ टक्के. त्यात स्कॅनचा काही वाटा नव्हता, आठवडे वाचले एवढंच. तुमची दिवाळी होऊन किती महिने झाले ते मोजा आणि या आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे न्या, जिल्हा रुग्णालयातही सोय असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घरातल्यांना एवढंच सांगा की अर्धशिशीच्या माणसाचाही एमआरआय नॉर्मल येतो, म्हणून त्याचं डोकं दुखत नाही असं आपण म्हणतो का.

प्रश्न : माझ्या भावाने ८ महिन्यांनी सायकोसिसच्या गोळ्या बंद केल्यात. त्याने कुठेतरी वाचलं की गोळ्यांनी मेंदू सुकतो. मला त्याला काय सांगावं कळत नाही. आणि मेंदूचं हे वायरिंग एकदा बिघडलं की कायमचं का? – बहीण, ठाणे

उत्तर : त्याची भीती हसण्यावारी नेऊ नकोस, ती पूर्ण हवेतली नाहीये. काही अभ्यासांत जास्त डोस आणि मेंदूचं आकारमान थोडं कमी होणं यांचा संबंध दिसलाय. पण व्हाइट मॅटरमधले फरक एकही गोळी न घेतलेल्या लोकांतही सापडलेत, म्हणजे सगळं गोळीच्या माथी मारता येत नाही. बोस्टनच्या ओफर पास्टरनाक यांनी २०१२ मध्ये सायकोसिसच्या पहिल्या झटक्यातल्या पेशंटमध्ये पेशींच्या धाग्यांतलं पाणी आणि धाग्यांबाहेर साचलेलं पाणी वेगवेगळं मोजलं, तर बऱ्याच भागात बाहेरचं पाणीच वाढलेलं निघालं आणि धाग्याचं खुद्द नुकसान फक्त पुढच्या भागात थोडंसं. बाहेर साचलेलं पाणी सुजेमुळेही असू शकतं, म्हणजे आकडा कमी दिसला की वायर तुटली असा अर्थ होत नाही. शिवाय पुढच्या भागातले हे धागे पंचविशीपर्यंत आणि नंतरही पक्के होत राहतात.

गोळी अचानक बंद करायचा धोका मात्र अगदी स्पष्ट आहे. लान्सेटमध्ये २०१२ साली स्किझोफ्रेनियाच्या ६५ चाचण्या एकत्र मांडल्या होत्या, वर्षभरात आजार उलटायचं प्रमाण गोळी चालू असलेल्यांत २७ टक्के, खोटी गोळी दिलेल्यांत ६४. भावाला ‘गप्प गोळी घे’ म्हणू नकोस. त्याला घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर त्यालाच विचारू दे, डोस कमी होईल का, वजन वाढतंय, सुस्ती येते, दुसरी गोळी आहे का. चांगला डॉक्टर याला चिडत नाही. चिडला तर दुसरा बघा.

प्रश्न : मुलीला हाच आजार आहे, तिला संशोधनासाठी मेंदूचा स्कॅन द्याल का असं विचारलंय. धोका आहे का? – वडील, बेळगाव

उत्तर : एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो, काका, त्यामुळे किरणांची भीती नाही. अंगात धातू, पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. तिच्या उपचाराला या स्कॅनचा फायदा होईलच असं नाही, आणि नाही म्हटलं तरी उपचार तसेच चालू राहिले पाहिजेत, सही करायच्या आधी हे दोन्ही तोंडाने विचारून घ्या. निर्णय तिचा. आवाज फार येतो, डीटीआयच्या वेळी तर ठकठक जास्तच, आणि जिला आधीच आवाज येतात तिला तो त्रास होऊ शकतो, कानात बोळे देतात. हातात एक रबरी बल्ब असतो, दाबला की लगेच बाहेर काढतात. हे तिला घरीच सांगून ठेवा.