मिशनसाठी घर विकायचं का?

प्रश्न: माझे सासू-सासरे अमेरिकेत युटामध्ये असतात, दोघंही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. सासरे 74, सासूबाई 71. दोघांची मिळून सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) वर्षाला 43,200 डॉलर, आणि सासऱ्यांच्या आयआरएतून (निवृत्तीच्या बचतखात्यातून) वयामुळे सक्तीने काढावे लागतात ते 40,000. दोघांना 18 महिने सिनियर मिशनवर, म्हणजे ज्येष्ठांनी करायच्या चर्चच्या स्वयंसेवेवर, परदेशी जायचं आहे. त्याचा महिना 2,600 खर्च त्यांनीच करायचा. घराचा कर, विमा, देखभाल महिना 700. त्यासाठी घर विकावं, मेडिकेअर पार्ट बी (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) बंद करावं, असं त्यांच्या मनात आहे. तोवर दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) कमी करा, असं सुचवू का?

उत्तर: दशमांशाचं बोलूच नका. टेम्पल रेकमेंड, म्हणजे मंदिरप्रवेशाचा दाखला, दर दोन वर्षांनी नवं करताना दशमांश पूर्ण देता का, हे विचारलं जातं. रेकमेंड गेलं की मंदिर गेलं आणि मिशनही. दहा टक्के 'उत्पन्नाचे' यापलीकडे चर्च फोड करून देत नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. नोकरीत कपातीआधीच्या पगारावर दशमांश दिला असेल, तर आयआरएतल्या मूळ रकमेवर तो आधीच गेलेला आहे. पुन्हा द्यायचा की फक्त वाढीवर, हे सासरेच ठरवतील. सुनेने त्यात पडू नये.

पैसा वाचतो तो दशमांश कुठल्या खिशातून जातो त्यावर. संपूर्ण 83,200 वर धरला तर 8,320. बँकेतून चेक फाडला तर 2025 च्या नियमांनी करात काही सुटत नव्हतं, कारण त्या वर्षी त्यांची प्रमाणित वजावट (खर्च न दाखवता उत्पन्नातून वजा होणारी ठराविक रक्कम) 34,700 होती आणि नुसत्या दशमांशाने तो आकडा गाठला जात नव्हता. हेच 8,320 आयआरए सांभाळणाऱ्या संस्थेने थेट चर्चला पाठवले, तर ते उत्पन्नात धरले जात नाहीत आणि सक्तीच्या रकमेतही मोजले जातात. दुसरं उत्पन्न नसेल तर 2025 च्या नियमांनी त्यांचा फेडरल कर सुमारे 1,426 वरून शून्यावर येतो. वयाची अट साडेसत्तर. पैसे एकदा सासऱ्यांच्या खात्यात आले की सवलत गेली, म्हणून वर्षाची पहिली उचल हीच ठेवा. विवरणपत्रात वेगळी नोंद करायला लोक विसरतात आणि मग सगळ्यावर कर भरतात.

आता घर. महिन्याला 6,933 येतात. दशमांश 693, मिशन 2,600, पार्ट बी 370 (2025 चा दर), घर 700 वजा केले तरी 2,570 उरतात. त्यात पूरक आरोग्यविमा, परदेशातला विमा, विमानभाडं बसतं. विकायचं कारणच नाही. शिवाय शेवटच्या पाच वर्षांत दोन वर्षं राहिलेलं घर विकताना जोडप्याला पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त असतो, तेव्हा परत आल्यावर विकलं तरी चालेल. फक्त घर महिना-दोन महिने रिकामं राहिलं की पुष्कळ पॉलिसींतलं संरक्षण आटतं. नातलग राहायला ठेवा, नाहीतर विमा कंपनीला लेखी कळवा.

पार्ट बी सोडून 2025 च्या दराने 18 महिन्यांत 6,660 वाचतील. किमान वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी, परदेशात आरोग्यविमा असेल तर, दंडाशिवाय परत घेता येतं हे खरं. पण त्यासोबतचा पूरक विमा एकदा सुटला की परतल्यावर कंपनी प्रकृती तपासून नकार देऊ शकते. 74 व्या वर्षी मी तो धोका घेणार नाही.

मिशनची मुदत 6, 12, 18 किंवा 23 महिन्यांची असते. मी 12 मागायला सांगेन. त्या काळात त्यांची टपालं, करकागद आणि 31 डिसेंबरची सक्तीची उचल तुमच्याच गळ्यात पडणार. ती चुकली तर राहिलेल्या रकमेवर 25 टक्के दंड, तेव्हा निघण्याआधी मुखत्यारपत्र करून घ्या.