अन्यभाषेचं दान (प्रार्थनेत आत्म्यानं दिलेली अनोळखी भाषा बोलणं) नाही म्हणजे माझ्यात पवित्र आत्मा नाही का? मंडळी, म्हणजे माझं चर्च, सोडू का?

आत्मा आहे. बायबलातलं पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, १ करिंथ १२:३० उघडा. "सर्वच भाषा बोलतात काय?" असं पौल विचारतो, म्हणजे बोलत नाहीतच. हे मला वेळेवर सुचलं असतं तर दादाशी भांडण जिन्यातच मिटलं असतं.

आई कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलात होती, पॅरालिसिस. दादा नुकताच आमची 'कोरडी' मंडळी सोडून नव्या संगतीत गेलेला. शुक्रवारी घरी उपास-प्रार्थना, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. इकडं वॉर्डात मी आणि कसबा बावड्याहून केएमटीच्या बसनं येणारी, आमच्या जुन्या मंडळीतली एक मावशी. डब्यात नाचणीची आंबील, वर फडकं बांधलेलं. आईचं तोंड एका बाजूला गेलेलं, आंबील गळायची. मावशी पदरानं पुसायची, पुन्हा चमचा. अर्धी वाटी जायला पाऊण तास. चर्चमध्ये या बाईनं कधी उठून साक्ष दिली नाही. प्रार्थना कर म्हटलं की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून खाली बसायची.

एकदा दादा आला. आईच्या कपाळाला तेल लावलं, मोठ्यानं अन्यभाषेत प्रार्थना केली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले. जिना उतरताना मला म्हणतो, "मावशी चांगली हाय रं, पण आत्म्यानं भरलेली न्हाई." मी नुसता धुमसत राहिलो.

१२:२८ ची यादी मी नंतर नीट वाचली. त्यात साहाय्य करणारे आहेत, आणि भाषा बोलणारे सगळ्यात शेवटी! तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, पण तो बसलाय बारा आणि चौदाच्या मध्ये, दानांवरून मोठेपणा मिरवणाऱ्या करिंथकरांसाठी. 'वाजणारी थाळी' त्यांनाच हाणलीय. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहा, हे १४:२८. आमच्या घरी एकाही शुक्रवारी कुणी अर्थ सांगितला नाही.

आता, अन्यभाषा खोटी असं माझं म्हणणं नाही. पौल स्वतः बोलायचा, आणि मनाई करू नका असंही त्यानंच लिहिलंय. शिवाय आईच्या औषधांसाठी दादानं स्वतःची मोटारसायकल विकली होती. हे लिहिलं नाही तर मावशीच माझा कान धरेल.

मंडळी सोडायची का, ते तुमचं तुम्ही बघा. दादाच्या बायबलात मी १२:२८ खाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. त्यानं खोडलीय.