गरम पाण्याची पिशवी आणि मधुमेही पाय

प्रश्न : माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. निफाडच्या थंडीत त्यांचे पाय गार पडतात, म्हणून रबरी पिशवीत उकळते पाणी भरून ती रात्रभर पायांशी ठेवतो. परवा सकाळी त्यांच्या टाचेवर फोड दिसला. त्यांना मात्र काहीच जाणवले नव्हते. त्याऐवजी विजेवर तापणारी पिशवी घ्यावी का?

उत्तर : आधी त्या फोडाकडे लक्ष द्या. तो फोडू नका, त्यावर हळद किंवा टूथपेस्ट लावू नका आणि आजच डॉक्टरांना दाखवा, कारण मधुमेहात पायाची लहानशी जखमही चिघळू शकते. सासूबाईंना काहीच जाणवले नाही, हे मला फोडापेक्षा अधिक काळजीचे वाटते. नसांची संवेदना कमी झाली की चटका बसत असूनही पाय मागे घेतला जात नाही. शिवाय भाजायला उकळतेच पाणी लागते असे नाही, 44 अंश सेल्सिअसची वस्तू सुमारे 6 तास एकाच जागी टेकून राहिली तरी कातडी भाजते.

म्हणून सासूबाई अंथरुणात असताना कोणतीच पिशवी, रबरी असो वा विजेची, पायांशी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या झोपण्याआधी अर्धा तास पिशवी गोधडीखाली ठेवून अंथरूण उबवावे, त्या आल्या की ती काढून घ्यावी आणि त्यांच्या पायांत सैल लोकरी मोजे घालावेत.

घरातल्या इतरांनीही पिशवीत उकळते पाणी ओतू नये. ती दोन-तृतीयांश भरावी, उभी धरून हलकेच दाबावी आणि आतली हवा निघून पाणी तोंडाशी आले की मगच झाकण घट्ट लावावे. पिशवी मानेपाशी वाकवून पाहा : बारीक भेगा दिसल्या किंवा रबर चिकट लागले, तर ती टाकून द्या. काही पिशव्यांवर फुलासारखा ठसा असतो. त्याच्या मधोमध उत्पादनाचे वर्ष आणि भोवती महिन्यांच्या 12 पाकळ्या असतात. भेगा नसल्या तरी 2 वर्षांनी पिशवी बदललेली बरी. विजेची पिशवी तापत असताना अंगाशी धरू नये आणि ती फुगलेली दिसल्यास पुन्हा लावू नये.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सासूबाईंच्या दोन्ही पायांची संवेदना नायलॉनच्या धाग्याने तपासून घ्या. तळव्याला धागा टेकवून होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते आणि दुखत नाही. पाय सतत गार पडतात हेही सांगा, म्हणजे पायांचा रक्तपुरवठाही त्याच वेळी तपासता येईल.